निमंत्रित फौज आणि अर्जदार प्रजा

परकीय लष्करी हस्तक्षेपाची नैतिक चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत राहते. हस्तक्षेप करणाऱ्याला तसे करण्याचा अधिकार होता काय, हा पहिला. आणि त्याच्या येण्याने त्या देशाचे भले झाले की बुरे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्याच्या अभ्यासकाने द्यावे आणि दुसऱ्याचे इतिहासकाराने, अशी कामाची वाटणीही जणू ठरून गेली आहे. या दोहोंच्या आड एक तिसरा प्रश्न राहून जातो. बाहेरची फौज येऊन राहिल्यावर त्या देशातील माणसाने अन्यायाची दाद कोणाकडे मागावयाची? राज्यकर्ता चुकला असे म्हणण्याचा आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणाच्या हाती उरतो? प्रस्तुत विवेचनाचा विषय हा तिसरा प्रश्न आहे. तो तपासण्यासाठी पुणे जिल्ह्यातील भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन तालुक्यांचा मुलूख पुरेसा आहे; कारण १६५९ ते १८५७ या दोन शतकांत या मुलखातील माणसांना हा प्रश्न तीन वेगवेगळ्या रूपांत सोडवावा लागला, आणि प्रत्येक वेळी उत्तर देण्याची जागा त्यांच्यापासून अधिक दूर गेलेली दिसते.

१

रोहिडखोऱ्यातील कारी हे गाव जेध्यांचे. १६५९ मध्ये अफझलखान विजापुराहून निघाला तेव्हा अली आदिलशहाचे फर्मान कान्होजी जेधे यांच्याकडे आले. खानाला सामील व्हा, असा त्याचा आशय होता. त्याच खोऱ्यातील उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून त्यांनी निष्ठा दिली, असे जेधे घराण्याच्या कागदपत्रांतून कळते. आजच्या अर्थाने हा परकीय हस्तक्षेप नव्हे. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर त्या क्षणी अधिराज विजापूरचाच होता आणि कान्होजींनी आपल्या अधिराजाची आज्ञा मोडली होती. येथे महत्त्व आहे ते निर्णयाच्या आकाराला. न्याय्य सत्ता कोणती हे कान्होजींनी आपल्या मुलखात राहून, आपल्या माणसांच्या साक्षीने ठरविले आणि त्या ठरविण्याची किंमत स्वतःच्या वतनाने मोजण्याची तयारी दाखविली. खंडोजींचा निर्णय उलट होता. पण तोही त्यांचाच होता, आणि त्याचा जाबही त्यांना याच मुलखात द्यावा लागला.

अठ्ठेचाळीस वर्षांनी याच प्रदेशात या आकाराला तडा गेला. १७०७ च्या फेब्रुवारीत औरंगजेब मरण पावला आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्याचा पुत्र आझमशहा याने कैदेतील शाहूंना सोडून दिले. शाहूंच्या मातोश्री येसूबाई मात्र मोगलांकडेच राहिल्या. त्यांची सुटका १७१९ मध्ये झाली. हाही एक हस्तक्षेपच होता. त्यासाठी सैन्य पाठवावे लागले नाही. एका राज्याला दुसरा वैध वारस मिळवून दिला की त्या राज्यातील प्रत्येक निष्ठा आपोआप दुभंगते, एवढे राजकारण त्यामागे होते. ही दुभंग सर्वांत तीव्रपणे ज्यांच्या वाट्याला आली ते शंकराजी नारायण सचिव. १७०४ मध्ये औरंगजेबाने स्वतः वेढे घालून घेतलेले राजगड व तोरणा पुन्हा स्वराज्यात आणण्याच्या उद्योगात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी ताराबाईंच्या पक्षाशी इमान राखण्याची शपथ घेतलेली होती आणि समोर उभे असलेले शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र होते. शपथ पाळावी तर धन्याच्या वंशाशी द्रोह, शाहूंकडे जावे तर शपथेचा भंग. त्याच वर्षी भोरजवळच्या आंबवडे येथे त्यांनी आपले जीवन संपविले. ती जलसमाधी होती असे परंपरा सांगते.

या घटनेकडे एका निष्ठावंताची शोकांतिका म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. त्या दृष्टीत त्यांच्या कोंडीचे राजकीय कारण झाकले जाते. ही कोंडी शंकराजींच्या स्वभावातून आलेली नव्हती. ती बाहेरच्या सत्तेने तयार करून पाठविली होती. आणि तरीही एक गोष्ट तेव्हा शाबूत होती. दोन निष्ठांचा न्याय करणारे न्यायासन अजून आंबवड्यातच, एका माणसाच्या विवेकात होते. न्याय अशक्य झाला होता. पण तो दुसरीकडे नेला गेला नव्हता.

२

तो दुसरीकडे नेण्याची रीत ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने लिहून ठेवली. २५ ऑक्टोबरला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा दुसरे बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले. तहान्वये किमान सहा पलटणींचे तैनाती पायदळ तोफखान्यासह पेशव्यांच्या मुलखात कायम राहावयाचे होते. त्याच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा होता. निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत कंपनीचा निवाडा मान्य करावयाचा होता. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या संरक्षणात बाजीराव पुन्हा पुण्यात मसनदीवर बसले.

हा हस्तक्षेप निमंत्रित होता, आणि म्हणून तो निर्दोष होता, अशी बाजू मांडली गेली. ती तपासताना दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली ही की, निमंत्रण देणारा स्वतः सार्वभौम नव्हता. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत; बाजीराव हे नावाने तरी छत्रपतींचे प्रधान होते. राज्याच्या वतीने परकी फौज बोलावण्याचा अधिकार प्रधानाला कोणी दिला, हा प्रश्न तहाच्या मसुद्यात कोठेही उमटत नाही. ज्याच्याशी तह करणे सोयीचे असते त्यालाच सार्वभौम मानले जाते. मान्यता तहाच्या अगोदर नसते, ती तहातून निर्माण होते. दुसरी गोष्ट 'कायम' या शब्दात दडलेली आहे. निमंत्रणाची खरी कसोटी बोलावण्यात नसून निरोप देण्यात असते. आलेल्या फौजेला 'आता जा' असे म्हणण्याचा अधिकार ज्याने गमावला, त्याने पाहुणा बोलावला असे म्हणता येत नाही.

या तहाचा परिणाम मुलूख गेल्याने मोजला जातो. त्याहून खोल परिणाम पेशवा आणि त्याची माणसे यांच्या नात्यावर झाला. सरदारांच्या संमतीवाचून मसनद टिकत नाही, ही मराठी राज्यव्यवस्थेतील अव्यवस्थित, पुष्कळदा हिंसक, पण खरी मर्यादा होती. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देणाऱ्या बाजीरावांना या मर्यादेचा तडाखा पुढच्याच वर्षी बसला. तैनाती फौजेने तो तडाखा परतविला, आणि त्याबरोबर मर्यादाही काढून घेतली. दक्षिणेतील जहागीरदारांशी पेशव्यांचा तंटा १८१२ मध्ये मिटला तो रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीने. स्वामी आणि सेवक दोघेही आता तिसऱ्याकडे पाहून बोलू लागले होते.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये अहस्तक्षेपावर लिहिलेल्या निबंधात या परिणामाचे अचूक निदान केले आहे. जुलमी राजाला बंडाची भीती हा एकच लगाम असतो. परकी संगिनींच्या बळावर तो निर्भय झाला की त्याच्या जुलमाची जबाबदारी संगिनी पुरविणाऱ्यावर येते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. निदान बरोबर असूनही मिल यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष विचार करावयास लावतो. जबाबदारी आली म्हणून संरक्षकाने आणखी पुढे जावे, प्रसंगी राज्यच ताब्यात घ्यावे, असे ते सुचवितात. अयोध्येच्या विलीनीकरणाचे समर्थन त्यांनी याच मार्गाने केले. म्हणजे पहिल्या हस्तक्षेपाने केलेली हानी हीच दुसऱ्या हस्तक्षेपाची सबब ठरते. फौज मागे घेऊन लगाम पुन्हा प्रजेच्या हाती देता येईल, हा पर्याय त्या विचारात गंभीरपणे येतच नाही. मिल १८२३ पासून लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये नोकरीस होते आणि एतद्देशीय संस्थानांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराचे मसुदे करणे हे त्यांचे मुख्य काम होते. कारी गावच्या एका माणसाने पुढे चौदा वर्षे ज्या दाराशी दाद मागितली, ते दार याच इमारतीचे होते.

३

रंगो बापूजी गुप्ते हे रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरस प्रभू यांच्या घराण्यातील. त्यांची कहाणी समजण्यासाठी सातारच्या राज्याचे स्वरूप ध्यानी घ्यावे लागते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत छत्रपती प्रतापसिंह बाजीरावांच्या कबजातून इंग्रजांच्या हाती आले, १० एप्रिलला साताऱ्यास गादीवर बसविले गेले, आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांच्याकडे, त्यांच्या वारसांकडे व उत्तराधिकाऱ्यांकडे एक राज्य कायमचे सोपविण्यात आले. परक्या सत्तांशी रेसिडेंटखेरीज पत्रव्यवहार करावयाचा नाही, अशी अट होती. १८२० मध्ये भोरचे पंत सचिव व इतर जहागीरदार यांच्याशी स्वतंत्र करार झाले. राजगड आणि तोरण्याचा मुलूख असलेली सचिवांची जहागीर छत्रपतींच्या अमलाखाली, पण इंग्रजांच्या हमीवर राहिली. ही सर्व व्यवस्था लावणारे ग्रँट डफ यांनीच १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. राज्य घडविणारा आणि त्या राज्याची पूर्वपीठिका सांगणारा हात एकच असावा, ही बाब ज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधाची चर्चा करणाऱ्यांनी विसरू नये.

प्रतापसिंहांनी राज्य चांगले चालविले. शाळा, रस्ते, पाणी या बाबतींत त्यांच्या कारभाराची वाखाणणी इंग्रजांनीही केली. पुढे पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान बांधल्याचे आणि कंपनीच्या शिपायांना फितविल्याचे आरोप त्यांच्यावर आले. आरोप मान्य असल्याच्या कागदावर सही केली तर राज्य राहील, असे गव्हर्नर कारनॅक यांनी सुचविले. प्रतापसिंहांनी सही नाकारली आणि सप्टेंबर १८३९ मध्ये पदच्युत होऊन ते काशीस गेले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोचले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांच्यासारख्यांनी त्यांचा पक्ष उचलून धरला. या काळात धनी वारले (१८४७), त्यांच्या जागी बसविलेले बंधू शहाजी वारले (१८४८), आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. भोरचे संस्थान त्यानंतर थेट इंग्रजांचे मांडलिक झाले.

रंगो बापूजींच्या प्रकरणात वाङ्मयाच्या अभ्यासकाला दोन गोष्टी दिसाव्यात. एक अन्वयार्थाची. खालसा करण्याचा सगळा वाद 'वारस आणि उत्तराधिकारी' या शब्दांच्या अर्थावर झाला. दत्तक पुत्र हा हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे पूर्ण वारस. पण अधिसत्तेची संमती नसेल तर राज्यापुरता तो वारस नव्हे, असे डलहौसीचे वाचन. संहितेचा अर्थ अनिश्चित असतो, अर्थ वाचकाकडून घडतो, हा विचार अलीकडच्या समीक्षेत मुक्तिदायी मानला गेला. तहनामा या वाङ्मयप्रकाराकडे पाहिले तर त्याची दुसरी बाजू ध्यानात येते. येथे संहितेचे वाचक दोन होते, आणि त्यांपैकी एकाच्या वाचनामागे फौज होती. अर्थाची अनिश्चितता बलिष्ठाच्या पथ्यावर पडते. दुर्बलाला शब्दांचा अर्थ स्थिर राहण्याचाच काय तो आधार असतो. रंगो बापूजींची सारी भिस्त यावर होती की, इंग्रजांनी लिहिलेल्या शब्दांचा अर्थ इंग्रजांनी पाळावा.

दुसरी गोष्ट प्रकाराची. १६५९ मध्ये कारीच्या माणसाने दिला तो निर्णय होता. १८४० नंतर कारीच्याच माणसाने दिला तो अर्ज. अर्ज हा लेखनप्रकार अर्जदाराला एक भूमिका नेमून देतो. त्याने नम्र असावयाचे, ज्याने अन्याय केला त्याच्याच न्यायबुद्धीला आवाहन करावयाचे, त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच पुराव्याच्या नियमांनी बोलावयाचे. 'तुम्ही वचन मोडले' हे अर्जात म्हणता येते. 'तुम्हाला हा निवाडा करण्याचा अधिकार कोणी दिला?' हे म्हणता येत नाही. कारण तसे म्हणताक्षणी अर्ज, अर्ज राहत नाही. शिवाय ज्या तहावर रंगो बापूजी उभे होते तो तह स्वतःच एका हस्तक्षेपाचे अपत्य होता. म्हणून त्यांचा पराभव निव्वळ दुर्दैवाचा म्हणता येणार नाही; तो त्यांना मिळालेल्या प्रकाराच्या मर्यादेतच होता. तरीही त्या चौदा वर्षांना व्यर्थ म्हणणे अन्यायाचे होईल. सत्तेला तिच्याच शब्दांच्या मापाने मोजण्याचे आणि तिचे अपुरेपण तिच्याच सभागृहात नोंदविण्याचे काम त्या अर्जांनी केले. मायदेशी परतल्यावर त्यांनी अर्ज केला नाही. १८५७ च्या साताऱ्यातील उठावाच्या तयारीत ते होते. त्यात त्यांचा पुत्र सीताराम फाशी गेला आणि ते स्वतः नाहीसे झाले ते कोणाला सापडलेच नाहीत.

४

या मांडणीवर एक आक्षेप असा येईल, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. सार्वभौमत्व गेले ते कोणाचे? पेशवाईत ज्यांना सार्वजनिक पाणवठा मना होता, त्यांच्या दृष्टीने दाद मागण्याची जागा पूर्वी तरी कोठे होती? १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले. जोतीराव फुले यांना इंग्रजी अमलात शूद्रातिशूद्रांसाठी एक फट दिसली. सिंहासनाला परके वाटणारे सैन्य सिंहासनाखाली चिरडलेल्याला परके वाटेलच असे नाही.

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याने वरील विचार खोटा ठरत नाही. तो अधिक नेमका होतो. सार्वभौमत्वाला नैतिक मोल असते ते प्रजेच्या जाब विचारण्याच्या शक्यतेमुळे, गादीमुळे नव्हे. जेथे ती शक्यता नाही तेथे सार्वभौमत्वाची ढाल पोकळ आहे. पण परक्या सत्तेने दिलेली फट ही तिच्या मर्जीची असते. १८९० च्या दशकाच्या आरंभी सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. तेव्हा निवृत्त लष्करी शिक्षक गोपाळबाबा वलंगकर यांना १८९४ मध्ये काय तयार करावे लागले? अर्जच. जोतीरावांनीही 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांची गय केलेली नाही. या प्रकाराबाहेर पडण्याची घटना घडली ती भोरहून वरंधा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या महाडला. चवदार तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा कागदावरचा हक्क माणसांचा झाला. बाहेरच्या सत्तेने खुली केलेली वाट आणि स्वतः चाललेली वाट यांतील अंतर एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.

५

विसाव्या शतकाने हस्तक्षेपाला नवी नावे दिली. जुनी कसोटी मात्र चालू शकते. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौज निमंत्रणाच्या सबबीवर अफगाणिस्तानात शिरली. ज्या हफीजुल्ला अमीन यांनी वारंवार फौज मागितली होती, ते त्याच फौजेच्या हल्ल्यात मारले गेले. २००३ मध्ये इराकच्या हंगामी परकीय प्रशासनाने सतराव्या क्रमांकाचा आदेश काढून परकी फौजेला व तिच्या माणसांना इराकी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. फेब्रुवारी २०२० मध्ये अफगाणिस्तानचे भवितव्य ठरविणारा करार दोहा येथे अमेरिका व तालिबान यांच्यात झाला; त्यावर काबूलच्या सरकारची सही नव्हती. पुढच्या वर्षी ते सरकार कोसळले. वीस वर्षे ज्याने वर पाहून राज्य केले, त्याच्या पायाखाली कोण होते हे शेवटी कळले.

उलट उदाहरणेही आहेत. १९७१ मध्ये भारतीय फौज पूर्व बंगालमध्ये शिरली. भारताचे स्वार्थ त्यात नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु १९७० च्या निवडणुकीत लोकांनी निवडलेले नेतृत्व तेथे होते आणि मार्च १९७२ मध्ये फौज परतली. श्रीलंकेत १९८७ मध्ये गेलेल्या भारतीय शांतिसेनेची कथा अधिक कडू आहे. तरी नव्या अध्यक्षांनी 'जा' म्हटल्यावर मार्च १९९० पर्यंत ती माघारी आली. हेतूंची शुद्धता या दोहोंना वेगळे करीत नाही. जाण्याचा शब्द कोणाच्या तोंडी होता आणि मागे राहिलेल्या राज्यकर्त्याला कोणासमोर उभे राहावयाचे होते, एवढ्यावरून त्यांचा विचार व्हावयास हवा.

मानवी संहार डोळ्यांसमोर चालू असताना सीमेचे पावित्र्य जपत बसावे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. निष्कर्ष इतकाच की, संकटात धावून जाणाऱ्यावर दुहेरी ऋण असते. जीव वाचविणे हे त्यातील पहिले आणि सोपे. ज्यांना वाचविले त्यांना आपल्या दाराशी अर्ज घेऊन यावे लागू नये, हे दुसरे. वसईपासून बगदादपर्यंत थकलेले आहे ते हे दुसरे ऋण.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजगड व तोरण्याच्या पायथ्याची माणसे तेव्हापासून एका प्रजासत्ताकाचे नागरिक होण्याच्या वाटेला लागली. तहसील कचेरीच्या दारात अर्ज घेऊन ती आजही उभी असतात. फरक एवढा आहे की, अर्ज कोणत्या कचेरीत द्यावा आणि ती कचेरी कोणी चालवावी, याचा निवाडा पाच वर्षांतून एकदा तरी त्यांच्या हाती येतो. रंगो बापूजींना चौदा वर्षांत तो एकदाही मिळाला नाही.